संगणक कुणाची वाट पाहतो?

घरातला किंवा कचेरीतला संगणक हळू चालू लागला की आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, ‘व्हायरस शिरला असेल.’ दुसरे, ‘फॉरमॅट मारून टाकू.’ आणि तिसरे, जे हल्ली सर्वांत आधी येते, ‘जुना झाला, आता नवाच घ्या.’ गंमत अशी की, यांपैकी एकाही उत्तरासाठी संगणकाचा डबा उघडून आत पाहावे लागत नाही. नाडी न बघता पुडी बांधून देणाऱ्या वैद्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. पण हजारो रुपये मोजून घेतलेले यंत्र मात्र आपण बिनतपासणीच्या औषधावर सोडतो आणि गुण आला नाही की भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवतो.

या प्रश्नाला अलीकडे जास्त धार आली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, अशी अट आहे. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे कागदोपत्री एका रात्रीत म्हातारी झाली. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला तो फक्त २२.३ टक्के. त्या ढिगात आपल्या घरातला डबा जाऊन पडण्याआधी तो खरोखर संपला आहे का, एवढे तरी पाहायला हवे.

पण पैसे आणि कचरा याहूनही एक मोठी गोष्ट इथे पणाला लागलेली असते. संगणकाचा संथपणा ही कधीकधी आतल्या हार्ड डिस्कने दिलेली शेवटची सूचना असते. मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब, आजोबांनी सांगितलेल्या आठवणींची ध्वनिमुद्रणे हे सारे त्या डिस्कवर असते. नवा संगणक बाजारात मिळतो. हे मिळत नाही.

एका ठोक्याचे गणित

संगणक संथ का होतो, हे समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकातला कुणी ना कुणी कायम दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत असतो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. हा आकडा आपल्या कल्पनेत मावत नाही, म्हणून माप बदलू. समजा, प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. या हिशेबाने रॅममधून माहितीचा एक तुकडा आणायला सुमारे पाच मिनिटे लागतात. एसएसडी, म्हणजे आत फिरता भाग नसलेली साठवण, तिच्याकडून आणायला सुमारे साडेतीन दिवस. आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्ककडून? सव्वा वर्ष.

टेबलावरचा कागद, तालुक्याहून मागवलेला कागद आणि मंत्रालयात अडकलेली फाईल, असा हा फरक आहे. साहेब कितीही तडफदार असोत, फाईलच आली नाही तर ते टेबलाशी नुसते बसून राहणार. आपण मात्र साहेबांवर रागावतो.

हार्ड डिस्कला एवढा वेळ का लागतो? कारण ती मुळात एक यंत्र आहे, घड्याळासारखे. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी सुई धरणारा दांडा त्या पट्ट्यापर्यंत सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. बेरीज झाली सुमारे १३. याचा अर्थ, विखुरलेल्या जागांवरची माहिती मागितली तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे मागण्या पुरवू शकते. खोक्यावर ‘सेकंदाला दीडशे मेगाबाइट’ असे छापलेले असते, पण ते एका ओळीत लिहिलेली मोठी फाईल वाचण्याबद्दल असते. संगणक सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात, आणि त्या ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात.

आयबीएमने १९५६ साली डिस्कवर माहिती साठवणारा पहिला व्यापारी संगणक, ३०५ रामॅक, बाजारात आणला. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्यांवर ५० लाख अक्षरे मावत आणि हवे ते अक्षर सापडायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. त्यानंतर साठवणीची क्षमता लाखो पटींनी वाढली. वाट पाहण्याचा वेळ मात्र ६०० वरून १३ वर आला, म्हणजे पन्नासपटही घटला नाही. वजन असलेली वस्तू हलवायला वेळ लागतोच, तिथे हुशारी चालत नाही.

आता प्रश्न खर्चाचा. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ साली एक साधा मुद्दा मांडला होता, तो आज त्याच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. कामाचा एखादा भाग तुम्ही कितीही वेगवान करा, एकूण कामात त्या भागाचा वाटा जेवढा, तेवढाच फायदा मिळतो. समजा, एका कामाला दहा मिनिटे लागतात आणि त्यातली नऊ डिस्कची वाट पाहण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला तर काम साडेनऊ मिनिटांत होईल. डिस्कच्या जागी दहापट चपळ साठवण बसवली तर तेच काम दोन मिनिटांच्या आत होईल. जास्त खर्चाचा उपाय हा जास्त उपयोगाचा असतोच असे नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे गणित दुसरे क्वचितच असेल.

आधी पाहा, मग उघडा

कोण कुणाची वाट पाहतो आहे, हे पाहायला कुठलेही विकतचे हत्यार लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात व प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असते. संगणक नुकताच सुरू केला असेल तर पाच-दहा मिनिटे थांबावे, आणि तो नेमका रेंगाळत असतानाच हे आकडे पाहावेत. चांगला चालत असताना घेतलेली नोंद म्हणजे ताप उतरल्यावर लावलेला थर्मामीटर.

डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर चिकटलेला आणि प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर स्वस्थ, हे सर्वांत नेहमीचे चित्र. इथे गुन्हेगार डिस्क किंवा तिची केबल. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि तिच्या जोडीने डिस्कही धापा टाकते आहे, असे असेल तर रॅम अपुरी पडते आहे. प्रोसेसर कामात आहे पण त्याचा वेग त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी खाली दिसतो, तर उष्णतेचा संशय घ्यावा. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ या ओळीसमोर मोठा आकडा दिसला, तर एखादे जोडलेले उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला आहे. मग प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम एकेक करून काढून पाहावे. आणि सगळेच रकाने निवांत असून फक्त संकेतस्थळे उघडायला वेळ लागत असेल, तर संगणकाला दोष देऊ नये. चौकशी राउटरकडे आणि इंटरनेटवाल्याकडे करावी.

एवढ्या पाच मिनिटांच्या निरीक्षणाने निम्मे काम होते. उरलेले निम्मे त्या त्या भागापाशी जाऊन करायचे.

डिस्क : आधी नक्कल, मग उपचार

डिस्कचा संथपणा दोन प्रकारचा असतो. एक जन्मजात. फिरती डिस्क ठणठणीत असूनही आजच्या कामाला पुरत नाही, कारण आजच्या प्रणाली पडद्याआड सतत काही ना काही लिहीत-वाचत असतात. अशा संगणकात एसएसडी बसवली की तोच संगणक ओळखू येत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवरही साटा पद्धतीची एसएसडी चालते. तिथे तिचा पूर्ण वेग मिळत नाही, पण खरा लाभ वेगाचा नसून वाट संपण्याचा असतो, आणि तो पुरेपूर मिळतो.

दुसरा संथपणा आजारपणाचा. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तेवढा वेळ सारा संगणक थिजून राहतो. माऊस अडखळतो, दहा-वीस सेकंदांनी सगळे पुन्हा सुरू होते, आणि आपण म्हणतो, ‘आज जरा हँग होतोय.’ त्यात डब्यातून टक-टक असा ठरावीक आवाज येऊ लागला तर उशीर करू नये.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. यादी लांबलचक असते, पण तीन क्रमांक पाहिले तरी चालते. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा. या दोन्हींसमोर मूळ आकडा शून्य असावा. क्रमांक १९९ जर दिवसेंदिवस वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, तिच्या केबलचा असतो. काही रुपयांची केबल बदलून किंवा नीट दाबून बसवून काम होते, आणि त्यासाठी कुणी नवी डिस्क विकत असेल तर हात जोडावेत.

या नोंदींवर किती विसंबावे? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी सर्वांत बोलक्या अशा चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा धोक्याची खूण दिसली तर ती खरी मानावी, आणि दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

म्हणूनच ‘फॉरमॅट मारून टाकू’ हे वाक्य घातक ठरू शकते. आजारी डिस्कवर फॉरमॅट करून सारी प्रणाली पुन्हा लिहायची, किंवा डीफ्रॅगमेंट करायला लावायचे, म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला सांगण्यासारखे आहे. तो वर पोचेलही, कदाचित पोचणार नाही. क्रम नेहमी एकच असावा : आधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल दुसरीकडे, नंतर तपासणी, आणि सर्वांत शेवटी उपचार.

एसएसडीही काही अमृत पिऊन आलेली नाही. ती काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून दहा-वीस टक्के जागा मोकळी सोडावी. अगदी स्वस्त एसएसडीत मोठी फाईल उतरवताना सुरुवातीचा वेग काही वेळाने कोसळतो, कधी फिरत्या डिस्कच्याही खाली जातो. आणि फिरत्या डिस्कांतही सगळ्या सारख्या नसतात. ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवून लिहिणाऱ्या, म्हणून पुनर्लेखनात संथ असणाऱ्या डिस्का तसे न सांगता विकल्या गेल्याचे एप्रिल २०२० मध्ये मोठ्या उत्पादकांना मान्य करावे लागले होते.

रॅम : टेबल लहान पडले की

रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल भरले की प्रणाली काही कागद उचलून डिस्कवर ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. या ने-आणीत पाच मिनिटांचे काम सव्वा वर्षावर जाते, हे वर पाहिलेच. आज चार जीबी रॅमवर ब्राउझरची दहा-बारा पाने उघडली की टेबल भरते. आठ जीबीवर घरगुती काम बऱ्यापैकी चालते.

पण नवी रॅम घेण्याआधी असलेली पूर्ण दिसते का, हे पाहावे. चार-चार जीबीच्या दोन स्टिक असताना टास्क मॅनेजर एकूण चारच दाखवत असेल, तर एक स्टिक झोपली आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळ आणि दमटपणाचा थर बसणे अगदी नेहमीचे. आपल्याकडचे कारागीर त्या पट्ट्या शाळकरी खोडरबराने पुसतात. हा उपाय चालतो, मात्र हलक्या हाताने, कारण वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे जास्त बरे. दोन स्टिक बसवताना मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या खाचांत बसवाव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन्हींकडून एकाच वेळी माहिती घेता येते. चुकीच्या खाचांत बसवल्या तरी संगणक चालतो, पण दोन पदरी रस्त्यावर एकच पदर उघडा ठेवल्यासारखा.

२०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे ‘रॅम वाढवा’ हा सल्लाही आता डोळे मिटून घेण्याजोगा राहिला नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ टक्क्यांवर असेल तर दुप्पट रॅमनेही काही फरक पडणार नाही.

उष्णता : स्वतःहून घेतलेला ब्रेक

ज्यांनी १९९० च्या आसपासचे संगणक हाताळले आहेत, त्यांना डब्यावरचे ‘टर्बो’ बटण आठवत असेल. नाव टर्बो असले तरी ते बंद करून संगणक मुद्दाम हळू करता येई, कारण जुने काही खेळ प्रोसेसरच्या वेगावरच चालत आणि नव्या यंत्रावर भलतेच पळत सुटत. आजच्या संगणकावर ते बटण नाही, पण आत आहे, आणि ते उष्णता दाबते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत, बहुतेक वेळा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो.

ही सोय किती मोलाची आहे, हे २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने एका चित्रफितीत दाखवले होते. चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा थंड करणारा धातूचा ठोकळा काढून घेतला. पेंटियम ४ नुसता मंदावला आणि चालत राहिला. त्या काळच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला. आज सगळेच प्रोसेसर पेंटियमसारखे वागतात. म्हणजे तुमचा संगणक मे महिन्यात दुपारी रांगत असेल आणि डिसेंबरात सकाळी बरा चालत असेल, तर तो आपला जीव वाचवतो आहे.

कारणे साधी असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पंखा काही हवा थंड करत नाही, आहे तीच हवा फिरवतो. त्यात आपण तो डबा, ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, संगणकाच्या टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबतो आणि वर हौसेने विणलेले कव्हर घालतो. मग धुळीची गादी धातूच्या पात्यांत बसते, प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांत वाळून खडूसारखी होते, आणि इंटेलच्या जुन्या पंख्याच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एखादी निसटून पंखा तिरका बसतो. उपाय म्हणजे कोरडा रंगाचा ब्रश, ब्लोअर, पेस्टची लहान ट्यूब आणि भिंतीपासून वीतभर मोकळी जागा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते.

वीज, बोर्ड आणि आतले पाहुणे

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कमकुवत झाला तर संगणक संथ होण्यापेक्षा अधूनमधून बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे ‘मधूनच रीस्टार्ट होतो’ ही तक्रार असेल तर डिस्कच्या आधी इकडे पाहावे. मदरबोर्डवरचे छोटे नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा तपकिरी पाझरलेले दिसतात का, तेही पाहावे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांची साथच जगभर आली होती, आणि त्या काळातले बोर्ड आजही कुठे कुठे तग धरून आहेत.

बोर्डावर एक नाण्याएवढी बॅटरीही असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. ती संपली की संगणक बंद करताच घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. तारीख चुकली की बँकेची, सरकारची संकेतस्थळे सुरक्षेच्या कारणाने उघडत नाहीत, आणि ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून तक्रार केली जाते. उपाय किरकोळ किमतीच्या बॅटरीचा असतो. शिवाय झुरळे, मुंग्या, क्वचित एखादी पाल हे उबेला आलेले पाहुणे आणि तारा कुरतडणारा उंदीर, यांचा बंदोबस्त कुठल्याही अँटिव्हायरसने होत नाही. डब्याच्या मागच्या पट्ट्या उघड्या ठेवू नयेत, एवढेच.

एक इशारा. डबा उघडण्याआधी वायर भिंतीतून काढावी आणि धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीच उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो.

कारागिराला काय विचारावे

हे सगळे प्रत्येकाने स्वतःच करावे असे नाही. गल्लीतला दुरुस्तीवाला आपला शत्रू नव्हे. फॉरमॅटचे काम ठरलेल्या वेळात होते, त्याचे पैसे लगेच मिळतात, आणि गिऱ्हाईकाला काहीतरी झाल्यासारखे वाटते. तपासणीला मात्र वेळ लागतो आणि तिचे पैसे द्यायला आपणच कुरकुरतो. तपासणीची वेगळी फी आनंदाने द्यावी, आणि तिच्या बदल्यात चार प्रश्न विचारावेत. डिस्कचे ५ आणि १९७ चे आकडे किती निघाले? काम करताना तापमान किती चढले? रॅम पूर्ण दिसते का? आणि बदललेला जुना भाग आम्हाला परत मिळेल ना? ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याच्याकडे पुन्हा जावे.

संगणक खरोखर जुना झालेला असू शकतो, हेही मान्य करायला हवे. रॅम वाढवायची जागा नाही, प्रोसेसरच सतत शंभर टक्क्यांवर आहे, बोर्ड पाझरतो आहे, अशा वेळी पैसे घालू नयेत. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांच्या रचनेतच मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघड झाले, आणि ते झाकण्यासाठी दिलेल्या दुरुस्त्यांनी जुन्या यंत्रांचा काही वेग कायमचा गेला. त्यावर ब्रश चालत नाही. पण विंडोज १० चा आधार संपला एवढ्यावरून यंत्र संपत नाही. मायक्रोसॉफ्टनेच घरगुती वापरासाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती, आणि लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपवर एसएसडीसह छान चालतात. शाळेतल्या मुलाचे टंकलेखन, दुकानाचा हिशेब, आजीचे भजनांचे व्हिडिओ यांना त्याहून जास्त लागत नाही.

आणि निरोप द्यायचाच ठरला, तर तोही रीतसर द्यावा. डिस्क काढून घ्यावी किंवा पुसून घ्यावी, कारण भंगारात गेलेल्या डिस्कबरोबर आपले पॅन, आधार आणि पासवर्डही जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादार आहेत, डबा त्यांच्याकडे जावा. कुणीतरी उघड्यावर तारा जाळून तांबे काढावे, यासाठी तो हातगाडीवर चढू नये.

एरवी क्रम सोपा आहे. आधी डोळे, मग नक्कल, मग ब्रश, मग केबल, आणि खिशात हात सर्वांत शेवटी. यंत्र जुने झाले, हा निकाल आहे, आणि निकाल चौकशीनंतर द्यायचा असतो. आपला संगणक कुणाची वाट पाहत थांबला आहे, हे कळल्याशिवाय त्याला घराबाहेर काढू नये.